नव्या सुनेचें पान

संसाराच्या पहिल्या वर्षाविषयीं लिहिण्याच्या दोनच तऱ्हा आमच्या वाचनांत येतात. एक, सारें कसें गोड गोड होतें असें सांगण्याची; आणि दुसरी, सासर म्हणजे केवळ जाच असें सांगण्याची. आमच्या अनुभवास या दोन्ही तऱ्हा अपुऱ्या वाटतात. आपल्या मध्यम स्थितींतील घरांत नवी सून येते, तेव्हां नवऱ्याच्या आधीं तिची गांठ पडते ती चुलीशीं आणि देवघराशीं. चुलीवर काय शिजतें, देवापुढें काय ठेविलें जातें आणि शेवटीं तिच्या पानांत काय पडतें, या तीन गोष्टी नीट पाहिल्या म्हणजे त्या घराचा धर्म कोणता हें निराळें विचारावें लागत नाहीं. यांतील तिसऱ्या गोष्टीसंबंधानें आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचा विवाह सन १९८२ च्या वैशाखांत झाला. आम्ही त्या वेळीं पंचवीस वर्षांचे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरून शिक्षकी पेशांत शिरलों होतों. संस्कृताचें अध्ययन लहानपणीं वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत झालें होतें. वडील निवर्तले होते. घरीं आई, वडिलांची थोरली बहीण आत्याबाई, कॉलेजांत जाणारा धाकटा भाऊ व आम्ही, अशीं चार माणसें. थोरले बंधु मुंबईस एका गिरणीच्या कचेरींत कारकून होते. घर कोल्हापुरांत मंगळवार पेठेंत. जुनें, कौलारू, मातीच्या भिंतींचें. पुढें सोपा, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर. माजघराच्या कोनाड्यांत देव.

आमचें कुटुंब राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांतलें. वय वीस वर्षांचें. कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणें प्रथम अंबाबाईची ओटी भरली, मग जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गुलालानें माखून आलों, आणि पौर्णिमा गांठून नृसिंहवाडीस दत्ताच्या पादुकांचें दर्शन घेतलें. एवढें झालें कीं नवी नवरी घरची झाली, असें आई म्हणे. दुसऱ्याच दिवशीं पहांटे तिच्या हातीं सोवळ्याचें पातळ आलें.

स्वयंपाक अगदीं साधा. दुपारीं भात, वरण, चिंचगुळाची आमटी आणि मेथी, चाकवत किंवा अंबाडी यांपैकीं एखादी पालेभाजी. रात्रीं ज्वारीची भाकरी, झुणका किंवा पिठलें आणि ताक. गॅससाठीं नांव नोंदवून ठेविलें होतें, पण नंबर लागण्यास वर्षें जात. रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे, तें पुरवून पुरवून वापरावयाचें. म्हणून मुख्य भिस्त भुशाच्या शेगडीवर. लोखंडी डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भोंवतीं लाकडाचा भुसा ठासावयाचा, मग बाटली अलगद उपसून घ्यावयाची. त्या पोकळींतून विस्तव दोन तीन तास एकसारखा धुमसत राही. भुसा सैल भरला गेला तर अर्ध्या स्वयंपाकांत शेगडी ढांसळे, आणि पावसाळ्यांत ओला निघाला तर घरभर धूर. ही शेगडी भरण्याची कला आमच्या कुटुंबास चार दिवसांत साधली.

भाकरी मात्र साधावयास दोन महिने लागले. कोंकणांत तांदळाच्या उकडीची भाकरी तिनें पुष्कळ केली होती. पण ज्वारीचें पीठ निराळ्या स्वभावाचें. तें ताजें दळलेलें पाहिजे, नाहींतर त्याची विरी जाते आणि थापतांना कडा फुटतात. पाणी कढत पाहिजे, मळणें जोरकस पाहिजे, आणि थापणारा हात हलका पाहिजे. पहिले कांहीं दिवस भाकरीला नकाशांतल्या देशांचे आकार येत, आणि धाकटा भाऊ पानांत भूगोल आला म्हणून थट्टा करी. आई त्याला म्हणे, "आकार पोटांत गेल्यावर कोण पाहतो? शिजली आहे ना, मग जेव." तिनें माहेराहून आणलेलीं आमसुलें व कुळथाचें पीठ यांनाहि आईनें घरांत जागा दिली. आठवड्यांतून दोन दिवस आमटींत चिंचेऐवजीं आमसूल पडूं लागलें.

देवाचें सारें आत्याबाईंकडे. स्वयंपाक झाला कीं पहिलें पान नैवेद्याचें. देवापुढें पाण्याचें चौकोनी मंडल काढावयाचें, त्यावर पान ठेवावयाचें, तुळशीचें पान वाहावयाचें. तोंपर्यंत कोणीं कशाची चव घ्यावयाची नाहीं. स्वयंपाक करणारणीनें तर नाहींच. नव्या मुलीला याची धास्ती वाटे, कारण मीठ कमी कीं जास्त हें कळणार कसें? आईनें तिला सांगितलें कीं, मीठ जिभेनें पाहूं नये, तळहातानें ओळखावें. आणि वाढत्या माणसांगणिक तळहाताची खूण कशी वाढवावी हेंहि दाखविलें. न चाखतां केलेलें अन्न आधीं दुसऱ्यापुढें ठेवावयाचें, या नियमांत मनाला एक प्रकारचें वळण लागतें, असें आम्हांस अद्यापहि वाटतें. आपल्या जिभेपूर्वीं दुसऱ्या कोणाचा तरी विचार करणें, एवढाच त्याचा अर्थ.

येथपर्यंत सारें ठीक चाललें होतें. पण त्याच वर्षीं १८ जानेवारीपासून मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला होता. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले होते. आज मिटेल, उद्यां मिटेल, म्हणून दादांनीं सहा महिने कळ काढली. गिरणी बंद, पगार बंद, चाळींतील वाण्याची उधारी वाढलेली. शेवटीं आषाढांत ते वहिनी व दोन मुलें यांसह कोल्हापुरास आले. घरांत आतां नऊ माणसें झालीं आणि मिळवता एकच. आमचा पगार सातशें रुपयांच्याहि आंतला.

त्या घरचें गणित सरळ होतें. किलोभर पिठाच्या दहा बारा भाकऱ्या होत. आत्याबाई एकभुक्त, त्या रात्रीं जेवीत नसत. तरी आठ माणसांचें रात्रीचें जेवण उरलें. पिठाचा डबा मात्र तोच. भाकऱ्या किती कराव्या हें आई ठरवी आणि पानांत किती पडाव्या हें ज्याची त्याची भूक ठरवी. पहिल्या पंगतीस मुलें व आम्ही पुरुष मंडळी सोप्यांत बसूं. मग स्वयंपाकघरांत आई व वहिनी. आणि नवी सून वाढणारी, म्हणून ती सर्वांच्या शेवटीं. भाकरीची दुरडी आंत असे. सोप्यांत बसलेल्यांस ती दिसत नसे.

अशांत श्रावण आला आणि आमच्या कुटुंबाचे उपास वाढूं लागले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, चतुर्थी होत्याच. आत्याबाईंना फार समाधान वाटलें. कोंकणांतली पोर मोठी देवभोळी निघाली, असें त्या शेजारीपाजारीं सांगूं लागल्या. आईच्या ध्यानांत मात्र एक गोष्ट आली. उपासाला साबुदाणा लागतो, वऱ्याचे तांदूळ लागतात, दाणे लागतात. हिच्या उपासाला कांहींच लागत नसे.

त्याच महिन्यांत पहिली मंगळागौर आली. गरिबी असली तरी पहिली मंगळागौर चुकवावयाची नाहीं, म्हणून आईनें आपल्या गांठचे चार पैसे मोडले. पांच वसोळ्या बोलाविल्या. सोळा तऱ्हेची पत्री जमविली. पूजा झाली, कहाणी झाली, आणि नैवेद्यानंतर नव्या मुलींची पंगत बसली. मंगळागौरीच्या दिवशीं मुक्यानें जेवावयाचें असतें, हें वाचकभगिनींस सांगावयास नको. त्या दिवशीं आमचें कुटुंब वाढणाऱ्यांत नव्हतें, जेवणाऱ्यांत होतें. आणि वाढीत होती आई. पुरणाची एक पोळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मुलगी मान वर करीना. भुकेल्या माणसाचें जेवण मुकें असलें तरी लपत नाहीं. आई कांहीं बोलली नाहीं. रात्रीं झिम्माफुगड्या झाल्या, जागरण झालें, सकाळीं मुली आपआपल्या घरीं गेल्या.

दुसऱ्या रात्रीं स्वतःचें जेवण आटोपल्यावर आईनें उठून दुरडीचें झांकण काढलें. आंत फडकें होतें, भाकरी नव्हती. पातेल्याच्या तळाशीं पळीभर पिठलें होतें. "तूं काय जेवणार?" असें तिनें विचारलें. "आज माझा बुधवार आहे," असें उत्तर आलें. तेव्हां आई म्हणाली, "बुधवार कोणाचा ग? हा उपास देवाचा कीं दुरडीचा?" आमचें कुटुंब उगी राहिलें. वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें, कारण दुरडी रिकामी होण्यास आपलीं चार माणसें कारण झालीं, असें त्यांच्या मनानें घेतलें.

आई तशीच सोप्यांत आली. दादा, धाकटा भाऊ व आम्ही बसलों होतों. आत्याबाई माजघराच्या उंबऱ्यापाशीं जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आई आम्हांस म्हणाली, "तूं एवढ्या पोथ्या वाचतोस. नव्या सुनेनें सर्वांच्या शेवटीं जेवावें असें कोठें लिहिलें आहे तें मला दाखव."

"लिहिलेलें कशाला पाहिजे?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या आधींपासून चालत आलें आहे. तूं नाहीं का तशीच जेवलीस?"

"जेवलें म्हणूनच विचारतें," आई म्हणाली.

आम्हीं वडिलांच्या कपाटांतून मनुस्मृति काढली. तिच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या भोजनाचा क्रम सांगितला आहे. अतिथीला जेवूं घातल्यावांचून गृहस्थानें जेवूं नये, हा तर सर्वांस ठाऊक असलेला नियम. परंतु त्याच ठिकाणीं असें सांगितलें आहे कीं, सुवासिनी, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथींच्याहि आधीं, मनांत कांहीं किंतु न आणतां, जेवूं घालावें. येथें सुवासिनी म्हणजे कोण? कुल्लूकभट्टादि टीकाकार नवोढा, म्हणजे नुकतें लग्न झालेली, असा अर्थ देतात. त्यांत घरांत आलेली सूनहि आली आणि लग्न झालेली लेकहि आली. मग शेवटीं कोणीं जेवावें? त्याचेंहि उत्तर तेथेंच आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांतहि आहे. सर्वांचें झाल्यावर उरलेलें अन्न घरच्या दंपतीनें खावें. दंपती म्हणजे पति व पत्नी दोघें. उरलेलें खाण्याचा मान शास्त्रानें घराच्या धन्यालाहि दिलेला आहे. रूढीनें धन्याला त्यांतून उचलून पहिल्या पंगतीला नेऊन बसविलें, आणि त्याच्या जागीं नवी सून आणून बसविली.

स्मृतिग्रंथांत स्त्रियांविषयीं जीं कठोर वचनें आहेत तीं आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. त्यांचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण जो आचार शास्त्राच्या नांवावर चालतो, त्याला शास्त्राचा आधार आहे कीं केवळ संवयीचा, एवढें तरी पाहिलें पाहिजे. त्या रात्रीं सोप्यांत तें पाहिलें गेलें.

आत्याबाईंनीं तें वचन व त्याचा अर्थ आम्हांकडून दोन वेळां वाचून घेतला. त्यांचें लग्न अजाण वयांत झालेलें, आणि चौदाव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलेलें. पुढचीं जवळजवळ पन्नास वर्षें त्यांनीं एक वेळ जेवून काढिलीं होतीं. जपमाळ मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "हें आम्हांला त्या वेळीं कोणीं वाचून दाखविलें नाहीं." यावर कोणाला कांहीं बोलतां आलें नाहीं. दादांनीं दिवा बारीक केला आणि सारीं निजावयास गेलीं.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं पाट मांडावयास आत्याबाई स्वतः उठल्या. देवघरासमोर मुलांचे दोन पाट मांडले आणि त्यांच्या शेजारीं तिसरा. आमचें कुटुंब संकोचानें दाराशीं उभें होतें. "बैस," आत्याबाई म्हणाल्या, "देवाच्या पानामागून तुझें पान. वाढावयास मी आहें." आईनें पंगत बसण्यापूर्वीं भाकऱ्या मोजल्या व माणसांवर वांटल्या. दीड भाकरी प्रत्येकीं आली. ज्याला अधिक भूक असेल त्यानें ताककण्या घ्याव्या, म्हणून ज्वारीच्या कण्या शिजवून ताकांत कालवून ठेविलेल्या असत. धाकट्या भावाचें तोंड पहिले दोन दिवस उतरलेलें होतें; तिसऱ्या दिवशीं तो कण्या मागून घेऊं लागला. आमच्या कुटुंबाचे उपास एकादशी व चतुर्थीवर आले. आई व आम्ही शेवटच्या पंगतीस बसूं लागलों. कारण घरचा कर्ता कोण असें विचारलें तर त्या दिवसांत तो मान आम्हां दोघांकडेच येत होता.

त्या वर्षीं अश्विन अधिक होता. धोंड्याच्या महिन्याचें वाण म्हणून सासरेबुवांनीं तेहतीस अनारसे पाठविले. ते आल्या दिवशींच नऊ माणसांत मोजून वांटले गेले. दसऱ्यानंतर गुळाचा हंगाम सुरू झाला आणि दादांना शाहूपुरींतील एका गूळव्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्याचें काम मिळालें. वहिनींनीं मेतकूट व थालीपिठाची भाजणी करून पेठेंतील घरीं देण्यास आरंभ केला. पिठाचा डबा हळूहळू मोठा झाला. नोव्हेंबरांत किरणोत्सव आला. मावळत्या सूर्याचीं किरणें महाद्वारांतून गाभाऱ्यांत येतात. ९ तारखेस तीं अंबाबाईच्या चरणांपर्यंत, १० तारखेस वक्षस्थळापर्यंत व ११ तारखेस मुखापर्यंत पोंचावीं असा क्रम आहे. आत्याबाई तीन्ही दिवस नव्या सुनेला बरोबर घेऊन गेल्या. आजवर त्या एकट्याच जात असत.

आमच्या घरची ही गोष्ट कांहीं जगावेगळी नाहीं. रमाबाई रानडे यांचा विवाह सन १८७३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला. न्यायमूर्तींचें बालपण आमच्या याच कोल्हापुरांत गेलें. पतीनें शिकवावें आणि घरांतील वडील बायकांनीं त्या शिकण्यावरून बोल लावावे, अशा कात्रींत त्यांचीं पहिलीं वर्षें गेलीं. त्यांच्या १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकांत हा वृत्तांत मोठ्या संयमानें आला आहे. दुसरें उदाहरण कमलाबाई ओगले यांचें. शाळा थोडकी झालेली, लहान वयांत लग्न झालेलें, आणि स्वयंपाक सासरीं सासूच्या हाताखालीं शिकलेला. त्यांचें ‘रुचिरा’ सन १९७० मध्यें निघालें आणि घरोघर गेलें. त्यांत त्यांनीं सारीं प्रमाणें वाटी व चमचा यांत सांगितलीं. तोंवर अंदाज हा अनुभवी बायकांचा ठेवा होता. नव्या मुलीनें तो बोलणीं खाऊन मिळवावयाचा. वाटीचमच्याच्या मापानें तो तिला पहिल्या दिवशींच मिळाला. माप हें नव्या माणसाच्या बाजूचें असतें. भाकऱ्या मोजून वांटल्या तेव्हां आमच्या आईनें तरी दुसरें काय केलें?

मुंबईचा तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक गेल्या. दादा कोल्हापुरींच राहिले. आत्याबाई १९९६ मध्यें आणि आई २००९ मध्यें गेली. आमचे चिरंजीव व सूनबाई पुण्यास असतात. दोघेंहि नोकरी करतात आणि स्वयंपाकहि दोघें मिळून करतात. त्यांच्या घरीं भुशाची शेगडी नाहीं, सोवळें नाहीं, दुरडीहि नाहीं. पण देवापुढें वाटीभर दूध ठेवल्यावांचून सूनबाई घराबाहेर पडत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे. आणि हेंहि पाहिलें आहे कीं, सणावारीं सारीं माणसें जमलीं म्हणजे कोणी तरी एक जण उभ्या उभ्या वाढीत राहते, गरम पोळी दुसऱ्याच्या पानांत टाकते, आणि "माझें होईल मागून" असें म्हणते. उपासाचें निमित्त गेलें, पण तें वाक्य घरांतून गेलें नाहीं.

वाचकहो, आपआपल्या घरीं आज रात्रीं पानें मांडाल तेव्हां नैवेद्य दाखवून झाल्यावर एकदां झांकण काढून पाहावें. भाकऱ्या किती आहेत, जेवणारीं किती आहेत, आणि वाढणारी त्या संख्येंत धरली आहे कीं नाहीं, एवढें मोजण्यास फार वेळ लागत नाहीं. आमच्याकडे मोजण्याचें हें काम आतां आमच्याकडे आलें आहे, आणि आमचें कुटुंब अद्यापहि मुलांच्या पंगतीस बसतें.